वातावरणाची दुरुस्ती: कधी करायची, कधी सोडून द्यायची आणि दुसऱ्यांदा का करायची नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा समज बरोबर आहे का ते तुम्हाला कळेल. मुळशी आणि हवेली तालुक्यांतल्या भूमी उपयोजनातला बदल तुम्ही अभ्यासत आहात. हाताशी लँडसॅट या उपग्रहमालिकेच्या तीन प्रतिमा आहेत: फेब्रुवारी १९९२, नोव्हेंबर २००९ आणि मार्च २०२४. पहिल्या दोन लँडसॅट ५ च्या, तिसरी लँडसॅट ८ ची. एनडीव्हीआय हा हिरवळीचा निर्देशांक (निकट अवरक्त वजा लाल, भागिले त्या दोघांची बेरीज) ०.४ च्या वर गेला की ‘वनस्पती’ असा निकष तुम्ही ठरवला. निकाल आला तो असा, की १९९२ मध्ये हिरवळ कमी, २००९ मध्ये भरपूर आणि २०२४ मध्ये पुन्हा कमी. मार्गदर्शक म्हणाले, वातावरणाची दुरुस्ती, म्हणजे हवेचा प्रतिमेवरचा परिणाम काढून टाकणे, केलेली नाही म्हणून असे झाले. तुम्ही डार्क ऑब्जेक्ट सबट्रॅक्शन केले, म्हणजे सर्वांत काळ्या जागेचे मूल्य सगळ्या प्रतिमेतून वजा केले, तर धरणाच्या पाण्यावर ऋण परावर्तन (परत फेकलेल्या प्रकाशाचे प्रमाण शून्याखाली) येऊ लागले. आणि वर्गमित्र म्हणतो की वर्गीकरणासाठी ही दुरुस्ती लागतच नाही.

मार्गदर्शकांचे खरे आहे आणि वर्गमित्राचेही, कारण दोघे वेगवेगळ्या कामांबद्दल बोलत आहेत. मात्र तुमच्या निकालातला सगळ्यात मोठा दोष वातावरणाचा नाही, ऋतूचा आहे. तिथूनच सुरुवात करतो, कारण तो सुटला नाही तर पुढची मेहनत वाया जाईल.

नोव्हेंबरात मावळातल्या डोंगरांवर पावसाळी गवत अजून पुरते वाळलेले नसते, पानझडी झाडे पानांनी भरलेली असतात. त्यातच २००९ मध्ये ११ नोव्हेंबरला फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आले होते. तुमची प्रतिमा त्यानंतरची असेल तर जमिनीत ओल आणि पावसाने धुतलेली हवा असे दोन्ही त्यात आले असणार. फेब्रुवारीत तेच गवत पिवळे पडते. मार्चमध्ये साग निष्पर्ण होतो आणि डोंगरांवर वणव्यांचे काळे डाग दिसू लागतात. या तीन प्रतिमांची तुलना म्हणजे दिवाळीतला डोंगर आणि होळीतला डोंगर यांची तुलना. त्यांच्यामधली हवा कितीही अचूक काढून टाकली तरी हा फरक जाणार नाही, कारण तो जमिनीवरचाच आहे. पुण्याचा सीन (उपग्रहप्रतिमेची ठरलेली चौकट), म्हणजे पाथ १४७, रो ४७, यात जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ढगविरहित प्रतिमा बहुतेक वर्षी मिळते. २००९ चा हट्ट सोडा. २००८ किंवा २०१० चा फेब्रुवारी चालेल. २०२४ साठीही फेब्रुवारीच शोधा. आधीच्या पावसाळ्याचे प्रमाणही एकदा पाहून घ्या. तुमची प्रतिमा फेब्रुवारी २०१६ ची असती, तर २०१५ च्या अवर्षणाची सावली तिच्यावर पडली असती आणि आपण तिला ‘शहरीकरण’ म्हणून बसलो असतो.

आता हवेकडे वळू.

उपग्रहाला दिसणारा प्रकाश दोन वाटांनी आलेला असतो. एक भाग सूर्याकडून जमिनीवर आला, परावर्तित झाला आणि वर गेला. दुसरा भाग जमिनीला न शिवताच हवेतल्या रेणूंवर व धूलिकणांवर विखुरला आणि थेट उपग्रहाकडे वळला. हा दुसरा भाग म्हणजे प्रतिमेवर पडलेला झिरझिरीत पडदा. त्याला पाथ रेडियन्स म्हणतात. तो जमिनीच्या संकेतात मिळवला जातो. शिवाय खऱ्या संकेतातला काही भाग वाटेत गळतो, म्हणजे तिथे गुणाकार होतो. बेरीज आणि गुणाकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पक्के लक्षात ठेवा, कारण तुम्ही वापरलेली पद्धत फक्त बेरीज काढते.

हवेच्या रेणूंमुळे होणारे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ०.४८ मायक्रॉनचा निळा बँड (उपग्रह वेगळा मोजतो तो तरंगलांबीचा पट्टा) घेतला तर ०.६६ मायक्रॉनच्या लाल बँडपेक्षा त्यात हे विकिरण सुमारे साडेतीन पट असते. निकट अवरक्तात ते लाल बँडच्याही अर्ध्याहून कमी होते. धूलिकणांचे विकिरण तरंगलांबीप्रमाणे इतके झपाट्याने बदलत नाही, पण तेही लाल-निळ्या बाजूला जास्त. परिणाम असा, की हवा लाल बँड फुगवते आणि निकट अवरक्त थोडा खाली ओढते. एनडीव्हीआय याच दोघांच्या फरकावर उभा असल्याने त्याला दोन्हीकडून मार बसतो.

तुमच्या ०.४ च्या निकषावर एक हिशेब करून पाहा. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण अवास्तव नाहीत. झुडपी रानाचे खरे परावर्तन लाल बँडमध्ये ०.०८ आणि निकट अवरक्तात ०.२० धरा. एनडीव्हीआय येतो ०.४३. आता हवेने दोन्ही संकेतांचा दहा टक्के भाग गाळला आणि लालमध्ये ०.०३, अवरक्तात ०.०१ ची भर घातली असे समजा. उपग्रहाला लाल ०.१०२ आणि अवरक्त ०.१९ दिसेल, एनडीव्हीआय ०.३० वर येईल. रान जागच्या जागी आहे, पण तुमच्या नकाशातून ते नाहीसे झाले. हीच हवा उघड्या मुरमाड जमिनीवर ठेवली, लाल ०.२० आणि अवरक्त ०.२६ धरून, तर ०.१३ चा ०.०७ होतो. ती जमीन आधीही निकषाखाली होती, नंतरही निकषाखालीच राहते. म्हणजे हवेचा घाव सगळ्यांवर सारखा पडत नाही. सीमारेषेवरच्या वर्गांना तो सर्वाधिक लागतो, आणि मुळशीचा बराचसा डोंगर नेमका त्याच सीमारेषेवर आहे.

१९९२ च्या प्रतिमेबद्दल वेगळे सांगायला हवे. फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी जून १९९१ मध्ये फुटला. त्याने सोडलेल्या सल्फर डायऑक्साइडपासून बनलेले सूक्ष्म थेंब स्थितांबरात जगभर पसरले आणि पुढची दोनेक वर्षे टिकले. त्या काळातल्या एव्हीएचआरआर या उपग्रह-संवेदकाच्या एनडीव्हीआयमध्ये हा खड्डा स्पष्ट दिसतो. तुमची फेब्रुवारी १९९२ ची प्रतिमा ऐन त्यातली आहे. तिथल्या कमी हिरवळीचा काही वाटा डोंगराचा नसून पिनाटुबोचा असू शकतो. शक्य असेल तर १९८९ किंवा १९९० चा फेब्रुवारी पाहा. मी स्वतः १९९१ च्या जूनपासून १९९३ पर्यंतच्या प्रतिमा पायाभूत वर्ष म्हणून कधी घेत नाही, दुसरा पर्यायच नसेल तरच घेतो.

आता पाण्यावरच्या ऋण आकड्यांकडे येतो. तुम्ही लिहिले आहे की फाइली ‘कलेक्शन २, लेव्हल २’ च्या आहेत. मग उत्तर सरळ आहे: त्या आधीच दुरुस्त केलेल्या आहेत. लँडसॅट ४ ते ७ साठी लेडॅप्स आणि लँडसॅट ८ व ९ साठी लासआरसी ही प्रणाली वापरून त्यांतले पाथ रेडियन्स काढून टाकले आहे आणि गळतीही भरून दिली आहे. त्यावर पुन्हा डार्क ऑब्जेक्ट लावणे म्हणजे सोललेला कांदा पुन्हा सोलणे. आतले खरे पाणी खरवडले गेले आणि शून्याखाली गेले. ही चूक मी दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या प्रबंधात पाहतो, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. मात्र आजच ती पायरी काढून टाका.

याच फाइलींत दुसरी एक चूक होते आणि ती जास्त घातक आहे, कारण तिच्यात ऋण आकड्यासारखी धोक्याची घंटा वाजत नाही. लेव्हल २ च्या पिक्सेलमधली संख्या म्हणजे परावर्तन नव्हे. तिला ०.००००२७५ ने गुणून त्यातून ०.२ वजा करायचे असतात. पुष्कळ जण म्हणतात, एनडीव्हीआय हे गुणोत्तर आहे, वरखाली सारखेच गुणले तर छेद जाईल. गुणाकार जातो, वजाबाकी जात नाही. लालची संख्या १०,००० आणि अवरक्ताची १८,००० असेल तर खरे परावर्तन ०.०७५ आणि ०.२९५, आणि एनडीव्हीआय जवळजवळ ०.६०. संख्या तशाच वापरल्या तर उत्तर येते ०.२९. चांगले जंगल गवताळ माळ होऊन बसते. तुम्ही कुठल्या संख्या वापरल्या ते प्रश्नात लिहिलेले नाही, म्हणून आधी हे तपासा. ओळखायची खूण सोपी: ७,२७३ ही संख्या म्हणजे शून्य परावर्तन. स्वच्छ खोल पाण्याच्या अवरक्त संख्या साताठ हजारांच्या आसपास दिसत असतील तर तुमच्या हातात मोजपट्टी न लावलेला डेटा आहे.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमा वापरणाऱ्यांसाठीही असाच एक खड्डा आहे. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या फाइलींत प्रत्येक संख्येत १,००० ची भर घातलेली असते. ती वजा करून मग १०,००० ने भागायचे. डिसेंबर २०२१ आणि फेब्रुवारी २०२२ ची तुलना हे न पाहता केली तर सगळा जिल्हा एका रात्रीत ०.१ ने उजळलेला दिसतो. गूगल अर्थ इंजिनवर ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संच घेतला की हा प्रश्न मिटतो.

मग डार्क ऑब्जेक्ट पद्धत निरुपयोगी का? अजिबात नाही. भारतीय उपग्रहावरच्या लिस-३ संवेदकाची जुनी प्रतिमा हाती आली, सोबत फक्त मेटाडेटाची फाइल आहे, त्या दिवशीच्या हवेची काहीच माहिती नाही, अशा वेळी तीच कामाला येते. संख्येवरून रेडियन्स, रेडियन्सवरून वातावरणाच्या माथ्यावरचे परावर्तन, आणि मग प्रत्येक बँडमधल्या सर्वांत काळ्या जागेचे मूल्य वजा करायचे. त्या जागेचे खरे परावर्तन शून्य नसून सुमारे एक टक्का धरतात, तेवढे ०.०१ परत ठेवायचे. ही मूळ कल्पना चावेझ यांनी १९८८ मध्ये नीट बसवली आणि १९९६ मध्ये गळतीचा अंदाज सूर्याच्या कोनावरून घेण्याची पुस्ती जोडली. क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमधल्या सेमी-ऑटोमॅटिक क्लासिफिकेशन प्लगइनमध्ये ही दुरुस्ती एका खुणेवर होते, आणि नेमके त्यामुळेच काळी जागा कुठली निवडली गेली हे कुणी पाहत नाही.

ती पाहायलाच हवी. पुणे जिल्ह्यात मोठे पाणी म्हणजे उजनी, म्हणून अनेक जण उजनी घेतात. पण मुळा-मुठेचे सांडपाणी पोटात घेणारे उजनीचे पाणी शेवाळाने हिरवे असते. हिरव्या बँडमध्ये आणि अवरक्तात ते काळे नसते. त्याला काळे समजून वजाबाकी केली की हवेबरोबर जमिनीचाही भाग जातो. मुळशी धरण त्यापेक्षा कितीतरी बरे. ते १९२० च्या दशकातले असल्याने तुमच्या प्रत्येक प्रतिमेत आहे आणि भिंतीजवळ खोलही आहे. कडेचे पिक्सेल मात्र टाळा, पाणी उतरले की तिथे गाळ उघडा पडतो. सह्याद्रीच्या कड्यांची सावलीही मोहात पाडते. तीत आकाशातून येणारा विखुरलेला प्रकाश पडत असतो, त्यामुळे निळ्या बँडमध्ये ती आपल्याला वाटते तितकी काळी नसते. सावलीची लांबीही वर्षागणिक सारखी नाही. लँडसॅट ५ ची कक्षा नव्वदच्या दशकात सरकली होती आणि ती प्रतिमा सकाळी लवकर टिपत होती.

या पद्धतीची आणखी एक मर्यादा पुण्याला फार लागू आहे. सगळ्या सीनवर हवा सारखी असते असे ती गृहीत धरते. हिवाळ्याच्या सकाळी शहरावर आणि नदीच्या खोऱ्यात धूर-धुके साचलेले असते आणि ताम्हिणीच्या वर हवा काचेसारखी असते. मुळशीच्या पाण्यावरून काढलेला आकडा हवेलीच्या हवेला पुरणार नाही. सुरुवातीच्या काळात ऊसपट्ट्यातल्या एका कामात आम्ही पडीक जमीन वाढल्याचा निष्कर्ष जवळपास लिहूनच टाकला होता. पाचट जाळल्याचा धूर एका तारखेच्या अर्ध्या प्रतिमेवर होता, हे निळ्या बँडकडे नुसते डोळ्यांनी पाहिल्यावर कळले. तेव्हापासून कोणतीही प्रतिमा आली की मी आधी तिचा निळा बँड एकटा, कृष्णधवल उघडून पाहतो. धूर, विरळ धुके, पातळ ढग सगळे तिथे आधी दिसते. लँडसॅट ८ मध्ये १.३८ मायक्रॉनचा सिरस बँडही आहे; उंचावरचे पांढुरके ढग त्यात स्वच्छ उठून दिसतात. लँडसॅट ५ ला ही सोय नाही.

लेव्हल २ ची दुरुस्ती तरी निर्दोष असते का? नसते. लेडॅप्स धूलिकणांचा अंदाज गडद हिरव्या वनस्पतींवरून घेते. फेब्रुवारीत आपल्या पठारावर असे तुकडे मोजकेच: ऊस, कालव्याखालची बागायत, घाटमाथ्याचे सदाहरित जंगल. मधल्या कोरड्या पट्ट्यात अंदाज आजूबाजूवरून ताणून भरला जातो. म्हणून निळ्या बँडवर मी फार भिस्त ठेवत नाही आणि भूमी उपयोजनासाठी हिरवा, लाल, निकट अवरक्त व दोन्ही लघुतरंग अवरक्त बँड पुरतात असे माझे मत आहे. लासआरसीच्या फाइलींसोबत एरोसोलचा, म्हणजे हवेतल्या सूक्ष्म कणांचा, गुणवत्ता बँड येतो. ‘जास्त’ अशी खूण असलेले पिक्सेल झाकून टाका. शिवाय लँडसॅट ५ चा अवरक्त बँड रुंद आहे, ०.७६ ते ०.९० मायक्रॉन, आणि त्यात बाष्पाचा शोषणपट्टा येतो. लँडसॅट ८ ने तो ०.८५ ते ०.८८ इतका अरुंद करून तो पट्टा टाळला. त्यामुळे दुरुस्तीनंतरही दोन्ही संवेदकांचा एनडीव्हीआय तंतोतंत जुळत नाही. ०.०२-०.०३ च्या फरकाला ‘बदल’ म्हणू नका.

वर्गमित्राचे म्हणणे आता नीट समजेल. एकाच तारखेची प्रतिमा, तिच्यावरच घेतलेले प्रशिक्षण नमुने, आणि मॅक्झिमम लाइकलिहूड किंवा रँडम फॉरेस्ट ही वर्गीकरणाची पद्धत. इथे हवेने सगळ्या पिक्सेलना सारखेच सरकवले असेल तर नमुनेही तितकेच सरकलेले असतात. वर्गांमधले अंतर बदलत नाही, वर्गीकरणही बदलत नाही. प्रत्येक वर्षाचे वर्गीकरण स्वतंत्र नमुन्यांवर करून नंतर नकाशे एकमेकांवर ठेवणार असाल, तरीही दुरुस्ती न करता चालते. अट एवढीच की हवा सीनभर सारखी हवी आणि तुम्ही निर्देशांक वापरत नसावात. ज्या क्षणी तुम्ही ०.४ सारखा एकच निकष तीन वर्षांना लावता, एका वर्षाचे नमुने दुसऱ्या वर्षी वापरता, दोन तारखांची वजाबाकी करता किंवा दोन सीन जोडता, त्या क्षणी दुरुस्ती अनिवार्य होते. तुमची सध्याची पद्धत यांतल्या पहिल्याच प्रकारात, एकच निकष तीन वर्षांना लावण्यात, बसते, म्हणून मार्गदर्शकांचा आग्रह योग्य आहे.

दुरुस्त केलेल्या तिन्ही प्रतिमा खरोखर एका पातळीवर आल्या का, हे मात्र तुम्हीच तपासायचे आहे. त्यासाठी न बदलणाऱ्या जागा हव्यात. लोहगावची धावपट्टी अनेक जण सुचवतात. तीस मीटरच्या पिक्सेलला ती फार अरुंद पडते, कडेचे गवत मिसळते. त्यापेक्षा डोंगरमाथ्यावरचे उघडे कातळ, जुन्या मोठ्या कारखान्यांची छपरे, मुळशीचे खोल पाणी आणि ताम्हिणीकडचे घनदाट सदाहरित जंगल अशा तीस-चाळीस जागा गूगल अर्थवरच्या जुन्या चित्रांशी ताडून निवडा. खाणी नकोत, त्या दर वर्षी रुंदावतात. कातळ फक्त उन्हाळी-हिवाळी प्रतिमांतच स्थिर असतो, पावसाळ्यात त्यावरही गवत येते. या जागांचे परावर्तन एका अक्षावर २०२४ चे आणि दुसऱ्यावर जुन्या वर्षाचे असे प्रत्येक बँडसाठी मांडा. ठिपके शून्यातून जाणाऱ्या ४५ अंशांच्या तिरप्या रेषेवर बसले तर काम झाले. रेषा समांतर सरकलेली असेल तर बेरजेचा दोष उरला आहे, उतार बदललेला असेल तर गुणाकाराचा. त्या रेषेच्या समीकरणाने जुनी प्रतिमा नवीशी जुळवून घ्या. याला सापेक्ष सामान्यीकरण म्हणतात, आणि १९९२ सारख्या प्रतिमेसाठी, जिथे त्या दिवशीची हवा मोजलेलीच नाही, माझा विश्वास हवेतला प्रकाशाचा प्रवास गणिताने मांडणाऱ्या सिक्सएससारख्या प्रारूपांपेक्षा यावर अधिक आहे. सिक्सएस उत्तम आहे, ग्रास या सॉफ्टवेअरमधल्या ‘आय.अ‍ॅटकॉर’ मधून फुकट चालवताही येते, पण त्याला एरोसोलचा आकडा द्यावा लागतो. २००० नंतरच्या तारखांसाठी तो मोडिस या उपग्रह-संवेदकावरून मिळू शकतो. १९९२ साठी तुम्ही तो कल्पनेनेच भराल.

शेवटी डोंगराबद्दल एक गोष्ट, कारण मुळशीत ती टळणार नाही. उन्हातला उतार आणि सावलीतला उतार यांतला फरक हवेचा नाही, उंचसखलतेचा आहे, आणि वर सांगितलेल्यांपैकी कोणतीही दुरुस्ती तो काढत नाही. लेव्हल २ मध्येही तो तसाच असतो. उंचीचे प्रारूप घेऊन सी-करेक्शन (उतारावरच्या उजेडाची दुरुस्ती) करा, किंवा निदान दाट सावलीचे पिक्सेल वेगळा वर्ग म्हणून बाजूला ठेवा. ते ‘पाणी’ म्हणून मोजले गेले तर सह्याद्रीत नवी धरणे उगवतील.

तर तुमच्यासाठी क्रम असा: फेब्रुवारीच्याच तीन प्रतिमा शोधा, पहिली पिनाटुबोच्या आधीची, तिन्ही लेव्हल २, मोजपट्टी लावा, क्यूए (गुणवत्ता) बँडने ढग आणि त्यांच्या सावल्या झाका, डार्क ऑब्जेक्ट करू नका, स्थिर जागांचे आलेख काढा, गरज पडली तरच जुळवणी करा, आणि मग ०.४ चा निकष लावा. स्थिर जागांचे ते आलेख प्रबंधाच्या परिशिष्टात नक्की द्या आणि ऋण आलेले पिक्सेल किती टक्के होते तेही लिहा. नवे आलेख तयार झाले की लाल आणि निकट अवरक्त बँडचे दोन मला दाखवा. १९९० ची रेषा कुठे वाकते आहे ते आपण मिळून पाहू.